पीएच.डी. कशावर : अर्कावर की जंतूवर?

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री संपत आली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "औषधी वनस्पती घेऊ की रोगजंतू?" ओढा बहुतेक वनस्पतींकडे असतो. तुळस दारात, अडुळसा कुंपणाला, आणि पहिला निकाल आठवड्याभरात हातात. जंतू वाढवलेल्या प्लेटवर वनस्पतीच्या अर्कात भिजवलेल्या कागदी डिस्कभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ उमटलं की त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो. माझाही गेला होता.

त्या वर्तुळावर फार भरवसा ठेवू नका. तेलकट रेणू आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, नीट पसरत नाहीत, त्यामुळे चांगला अर्कही नापास होतो. उलट टॅनिनं (वनस्पतींतले तुरट रेणू) दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, आणि आपल्याला वाटतं, एन्झाइम अडवलं! खरी परीक्षा एमआयसीची, म्हणजे जंतूची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेची, तीही अर्क ज्यात विरघळवतो त्या नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल शेजारी ठेवून.

वनस्पतींच्या वाटेचं भलं उदाहरण मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचं. चौथ्या शतकातल्या एका चिनी नोंदीत छिंगहाओ (आर्टेमिसिया) ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उकळायचा उल्लेखच नव्हता. त्यावरून उष्णतेनं गुण जात असावा असं त्यांनी ताडलं, कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आणि 1971 मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधला मलेरिया पूर्ण थोपवला. 2015 मध्ये नोबेल. ही गोष्ट सगळे सांगतात. आधीचे 190 नमुने मात्र कुणी मोजत नाही.

जंतूंची वाट सुरुवातीलाच कंटाळा आणते. ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला 18 ते 24 तास लागतात, आणि प्लेटवर वसाहती दिसायला तीन-चार आठवडे. तेवढ्यात बुरशी आली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बीएसएल-3, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा हवी, ती थोड्याच ठिकाणी असते आणि तिथं पाळी लावावी लागते. म्हणून पुष्कळ जण मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या क्षयाच्या जंतूच्या निरुपद्रवी भावंडावर काम सुरू करतात. त्यात कमीपणा नाही. बेडाक्विलिन या क्षयावरच्या औषधाचा शोध तिथूनच लागला : प्रतिरोधक झालेल्या जंतूंचा जीनोम वाचला आणि औषधाचं लक्ष्य एटीपी सिंथेज, म्हणजे जंतूला ऊर्जा बनवून देणारं एन्झाइम, आहे हे कळलं. 2005 मध्ये ते प्रसिद्ध झालं, 2012 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. इथं बायोकेमिस्टचं शिक्षण पुरेपूर वापरलं जातं. अर्काच्या कामात पहिली दोन वर्षं आपण अर्धे रसायनशास्त्रज्ञच असतो, अर्कातले रेणू वेगळे करायचे कॉलम भरत बसलेले.

अपयशाची चवही वेगळी. अर्क छान चालतो, पण शुद्ध करत जावं तसतसा गुण विरत जातो. मला वर्षभर वाटायचं, आपलाच हात वाईट. दारुहळदीच्या कुळातल्या बर्बेरिस झुडपांवरचं 2000 सालचं काम वाचलं तेव्हा उलगडा झाला. त्यांतलं बर्बेरिन हे जंतूंना मारणारं द्रव्य स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आपल्या पेशीतल्या नॉर-ए पंपानं बाहेर फेकून देतो. त्याच झुडपांत दुसरा एक रेणू असतो; तो एकटा जंतूला काहीच करत नाही, फक्त पंप अडवतो. दोघांना वेगळं केलं की बर्बेरिन लंगडं पडतं. पंपाची माहिती नसलेल्यानं तो दुसरा रेणू निरुपयोगी म्हणून टाकूनच दिला असता.

म्हणून माझं मत : पीएच.डी. जंतूवर करा, वनस्पती नंतर घ्या. नोकरीचं पाहिलं तर हर्बल कंपन्यांच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र येणाऱ्याला मागणी असते. लस, निदान आणि औषध कंपन्यांमध्ये जंतू आणि एन्झाइम हाताळलेल्याला जास्त दारं उघडी असतात. अपवाद एकच. गाइडच्या शेजारीच रसायनशास्त्राचा गट असेल, रेणूची रचना दाखवणारं एनएमआर यंत्र सहज मिळत असेल आणि वनस्पतीची ओळख हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून) पटवून घ्यायची शिस्त असेल, तर खुशाल अर्क घ्या. गुळवेल म्हणून भलतीच वेल आणून त्यावर पेपर लिहिणारे कमी नाहीत. पुण्यात असाल तर आघारकर संस्थेचं हर्बेरियम आहेच.

मुलाखतीला गेलात की जंतूंच्या गटात बीएसएल-3 ची पाळी महिन्यातून किती दिवस मिळते ते विचारा. आणि वनस्पतींच्या गटात विचारा, "मागच्या विद्यार्थ्यानं शुद्ध केलेला रेणू कुठल्या फ्रीजमध्ये आहे, बघायला मिळेल का?"