नाक गेलं म्हणून घेतलेला गॅस अलार्म: अकरा महिन्यांनंतर

मला वास येत नाही. तीन वर्षांपूर्वी एका तापातून उठलो. ताप गेला, पण जाताना नाकही घेऊन गेला. फुलं, अत्तर, पहिला पाऊस, सगळं गेलं, त्याचं फार काही वाटून घेतलं नाही. पण आमच्या घरात पाइपचा गॅस आहे आणि गळती कळण्याची सगळी भिस्त माणसाच्या नाकावर आहे, हे एका रात्री डोक्यात आलं आणि झोप उडाली. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून २६ वर्षं काढली. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी प्रत्येक बर्नरच्या कॉकपाशी वाकून हुंगायचो. वाकायची सवय अजून आहे.

म्हणून हा अलार्म घेतला. भिंतीवर बसवायचा, विजेवर चालणारा, मिथेन ओळखणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिच्या माणसाची तक्रार करणार आहे, आणि बहुतेक गोष्टी अशा कुठल्याही यंत्राला लागू पडतील.

तक्रार आधीच उरकतो. बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल काढलं आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दोन भोकं पाडली. मी म्हटलं, "अरे, इथे कशाला?"

"काका, सगळीकडे इथेच लावतो."

"सगळीकडे सिलिंडर असेल. आमच्याकडे पाइपचा आहे."

"गॅस तो गॅसच ना काका."

इथेच तर घोळ आहे. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. गळला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, म्हणून त्याचा अलार्म खाली. पाइपमधला नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. तो छताकडे जातो आणि वरून खाली साचत येतो. त्याचा अलार्म छतापासून फूटभराच्या आत हवा. गुडघ्याशी लावलेला अलार्म वाजेपर्यंत माझ्या डोक्याभोवतीची हवा पेट घेण्याजोगी झालेली असती. माहितीपुस्तिकेत हे बरोबर लिहिलंय, पण अकराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि मुखपृष्ठावरच्या चित्रात यंत्र खालीच! पोराचा तरी काय दोष म्हणा, त्याने चित्र पाहिलं. शेवटी शिडी आणून वर लावून घेतलं, खिडकी आणि पंख्याच्या झोतापासून लांब.

आता यंत्राबद्दल. मिथेन हवेत ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असला तरच भडकतो. त्याहून कमी असेल तर पेटत नाही, जास्त असेल तर हवा पुरत नाही. (जास्त असणं सुरक्षित, असा अर्थ काढू नका. खिडकी उघडली की तो पुन्हा त्या पट्ट्यात उतरतो.) माझं यंत्र त्या खालच्या मर्यादेच्या एक दशांशाला, म्हणजे हवेत अर्धा टक्का गॅस झाला की वाजतं. जुनी खोड म्हणून आकडेमोड करून पाहिली. आमचं स्वयंपाकघर साधारण २० घनमीटर. अर्धा टक्का म्हणजे १०० लिटर. मोठा बर्नर न पेटवता उघडा राहिला तर तासाला अडीचशे लिटरच्या आसपास गॅस सुटतो. हवेत सारखा मिसळला असं धरलं तर यंत्र पंचवीसेक मिनिटांत ओरडेल, आणि पाच टक्के व्हायला चार तास लागतील. प्रत्यक्षात तो सारखा मिसळत नाही, छताशी आधी दाट होतो. म्हणूनच उंचीवरून एवढी हुज्जत घातली. आणि नळीच निसटली तर हे सगळे हिशेब मिनिटांवर येतात.

यंत्र खोटंही वाजतं. मी नोंदवही ठेवतो. अकरा महिन्यांत चारदा: दोनदा नातीच्या केसांच्या स्प्रेने, एकदा स्पिरिटने ओटा पुसताना, एकदा का ते कळलं नाही. आतला सेन्सर टिन ऑक्साइडचा आहे. कुठलीही ज्वलनशील वाफ त्याच्या गरम पृष्ठभागावर आली की त्याचा विद्युतरोध बदलतो, मग ती वाफ मिथेनची असो की स्पिरिटची. याला मी दोष मानत नाही. वैताग येऊन यंत्राची पिन काढून ठेवणारी माणसं मला माहीत आहेत, तो मात्र दोष.

यंत्राचा खरा दोष म्हणजे आत बॅटरी नाही. वीज गेली की ते मेलेलं, आणि आल्यावरही सेन्सर तापेपर्यंत हिरवा दिवा नुसता मिचकावत राहतो. दुसरं, 'टेस्ट'चं बटण. ते दाबलं की भोंगा वाजतो आणि माणूस खूश होतो. पण त्याने फक्त भोंगा आणि वायरिंग तपासलं जातं. सेन्सर जिवंत आहे की नाही, हे त्या बटणाला ठाऊक नसतं. सेन्सरचं आयुष्य पाचेक वर्षं. माझ्या यंत्राच्या मुदतीची तारीख पाठीमागे छापली आहे, म्हणजे भिंतीवर लावल्यावर ती फक्त भिंतीला दिसते. मी ती पुठ्ठ्यावर लिहून खाली चिकटवली.

आणि आता तो दिवस. पावसाळ्यातली सकाळ, खिडक्या बंद. हिने शेगडी पुढे ओढून मागची भिंत घासायला घेतली होती, तासभर ती तिथेच होती. मी बाहेर पेपर वाचत होतो. अलार्म वाजला. मला वाटलं, आली नात स्प्रे मारून. पण नात शाळेत होती.

आत गेलो. माझ्या नाकाचा प्रश्नच नव्हता. हिला विचारलं, "वास येतोय का?" ती म्हणाली, "नाही हो, काही नाही." आणि मी, प्रयोगशाळेत २६ वर्षं काढलेला माणूस, गॅस बाहेर काढावा म्हणून एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला.

"अहो, बटण नको!"

बटण चालू करताना ठिणगी पडते, बंद करतानाही पडते. पोरांना शेकडो वेळा सांगितलेलं, आणि हात आपसूक गेला. तिने भिंतीजवळचा मुख्य कॉक फिरवला, आम्ही खिडकी उघडली, दिवा चालू होता तो तसाच ठेवला आणि बाहेर पडलो. बेल न वाजवता शेजाऱ्यांचं दार हाताने ठोठावलं. त्यांनी दार उघडताच आमच्याकडे एक पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावला. "अगं बाई, केवढा वास!"

ही तासभर त्या वासात उभी होती. वास हळूहळू वाढत गेला तसं तिचं नाक त्याला सरावलं. तिचं नाक धडधाकट, माझं गेलेलं, आणि त्या तासात दोन्हींची किंमत एकच.

गॅसवाल्यांना बाहेरून फोन केला. त्यांच्या माणसाने साबणाचं पाणी ब्रशने नळीच्या टोकाला लावलं. क्लिपच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा आला, वाढत वाटाण्याएवढा झाला, फुटला, पुन्हा आला. शेगडी ओढताना क्लिप सैल झाली होती, बस.

मुळात हा वास गॅसचा नाहीच. मिथेनला वास नसतो, त्यात मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत १८ मार्च १९३७ला वास न मिसळलेला गॅस इमारतीखाली साचला, कार्यशाळेतल्या विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि सुमारे ३०० मुलं-शिक्षक गेले. त्यानंतर वास मिसळणं सक्तीचं झालं. शाळेत नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट वाचून सोडून देता येत नाही. पण वासालाही मर्यादा आहेत. जमिनीखाली गळलेला गॅस मातीतून झिरपत येतो तेव्हा माती तो वास शोषून घेऊ शकते. २०१८च्या फेब्रुवारीत डॅलसमध्ये रस्त्याखालच्या पाइपमधून असाच गॅस घरात शिरला, स्फोटात १२ वर्षांची मुलगी दगावली. त्याच्या तपासात अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने घरोघरी मिथेन अलार्म लावण्याचा आग्रह धरला. म्हणजे तुमच्या घरात शेगडी विजेची असली तरी गल्लीतल्या पाइपला ते माहीत नसतं.

मात्र या डबीकडून भलत्या अपेक्षा नकोत. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला ९ सप्टेंबर २०१० रोजी ३० इंची वाहिनी फुटली, ८ माणसं गेली, ३८ घरं बेचिराख झाली, आणि गॅस बंद व्हायला दीड तास लागला. तिथे भिंतीवरचा अलार्म काय करणार?

यंत्राला पाचपैकी चार तारे. बॅटरी नाही म्हणून एक कापला. बसवण्याच्या सेवेला एक, तोही मुलगा शिडी धरून उभा राहिला म्हणून.

गुडघ्याशी पाडलेली ती दोन भोकं अजून तशीच आहेत. ही रोज म्हणते, लांबी भरून वर रंग मारा. पण थिनरच्या वासाने वरचा भोंगा पाचव्यांदा खोटा वाजेल आणि मला तो वास कळणारही नाही, म्हणून चालढकल चालली आहे.