पानांच्या अर्काचे सनस्क्रीन आणि मागचे बारीक अक्षर

ठाण्यात गोखले रोडलगतच्या एका गल्लीतील आयुर्वेदिक प्रसाधनांच्या दुकानातून घेतलेले, शेवगा आणि ग्रीन टी यांच्या पानांचा अर्क असलेले सनस्क्रीन मी गेला दीड महिना वापरत आहे. ‘सगळं पानांचंच आहे, केमिकल काही नाही,’ असे दुकानातील ताईंनी छातीठोकपणे सांगितले होते. घरी भिंग लावून घटकांची यादी वाचली, तेव्हा पाण्याच्या पाठोपाठ झिंक ऑक्साइड हे ऊन अडवणारे खनिज दिसले आणि दोन्ही अर्क फिनॉक्सीइथेनॉल या टिकाऊपणासाठी घालायच्या परिरक्षकाच्याही खाली. हे परिरक्षक १ टक्क्याहून अधिक घालत नाहीत आणि घटक साधारणतः उतरत्या प्रमाणाने छापतात, एवढे ठाऊक असले की अर्काचा वाटा किती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पानांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. शेवग्याच्या पानांतील क्वेर्सेटिन आणि ग्रीन टीतील कॅटेचिन ही पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींतील संयुगे, उन्हाने त्वचेत तयार होणारे मुक्त मूलक (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) निष्प्रभ करू शकतात आणि अतिनील किरणही थोडेफार शोषतात. प्रयोगशाळेत डीपीपीएच या चाचणीच्या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात असा अर्क टाकला की ते पिवळे पडते आणि त्यावरून अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे मूलक निष्प्रभ करण्याची ताकद, मोजतात. मात्र परीक्षानळीत रंग उतरणे वेगळे आणि कातडीवर ऊन अडणे वेगळे. एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या क्षमतेचा, आकडा माणसाच्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन, लाली यायला किती अधिक किरण लागतात हे पाहून काढतात. (तेवढा थर आपल्यापैकी कोणी देत नाही, मीही नाही.)

ट्यूबवर एसपीएफ ३० छापले आहे, म्हणजे पुरेसे लावल्यास त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडावेत. त्वचा काळवंडवणाऱ्या आणि सुरकुत्या आणणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनचे संरक्षण दाखवणारे पीए मानांकन मात्र कुठेच नाही, ही माझी मुख्य तक्रार. बाकी, सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकी झाक दहा मिनिटे टिकते, वास कोवळ्या पाल्यासारखा सौम्य आहे आणि चिकटपणा नाही. घोडबंदर रोडवर स्कूटरवरून जाताना हेल्मेटच्या पट्ट्याखाली घामाने ते पार निघून जाते, आणि सदऱ्याच्या कॉलरवर हिरवट डाग उरतो, तो दोन धुण्यांनंतरही गेला नाही.

पीए छापलेली ट्यूब आली तर कळवा, असे ताईंना सांगून आलो आहे. तोवर ही सकाळी तलावपाळीला फेरी मारण्यापुरती.