घोट्यातली प्लेट, वॉकर आणि काळा बूट: नऊ महिन्यांनंतर

जुलैच्या शेवटी, भर पावसात, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या अगदी शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला आणि घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. बाहेरून प्लेट आणि सात स्क्रू, आतून दोन. ऑपरेशन दीड तासाचं, तेही कमरेत इंजेक्शन देऊन. निम्मा वेळ मी झोपलेच होते. पुढचे नऊ महिने मात्र माझ्या वाट्याचे होते, आणि त्याबद्दल डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ: सहा आठवडे पाय टेकू नये.

ऑपरेशनच्या आधी आठ दिवस नुसतं पाय वर ठेवून झोपवलं होतं. ह्यांची चिडचिड: "हाड मोडलंय आणि हे लोक बसवून ठेवतात!" पण सर्जन रोज येऊन कातडी बघायचे. सुजेनं ती फुग्यासारखी ताणलेली, चकचकीत. अशा कातडीला चीर दिली तर जखम भरत नाही, चिघळते. आठव्या दिवशी घोट्यापाशी बारीक सुरकुत्या दिसल्या आणि ते म्हणाले, "चलो, कल करते हैं." सुरकुत्या बघून आनंद व्हायची ही माझी पहिलीच वेळ.

पुढची चूक माझी. कमरेच्या इंजेक्शनाखेरीज पाय सुन्न ठेवायला नसेजवळ वेगळं इंजेक्शन दिलं होतं. संध्याकाळी नर्सनं गोळी आणली तर मी म्हटलं, दुखतच नाही तर कशाला? रात्री दोनला सुन्नपणा उतरला. सुन्नपणा असतानाच गोळी पोटात गेलेली बरी, एवढंच सांगते.

आता वॉकर. ॲल्युमिनियमचा, घडीचा, हलका, वस्तू चांगली. पण आणल्या दिवसापासून खांदे भरून यायचे. दहा दिवसांनी फिजिओथेरपीवाली मुलगी आली, मला सरळ उभं करून हात खाली सोडायला लावले आणि चारी पायांच्या पिना दाबून उंची दोन भोकं कमी केली. मूठ मनगटापाशी यायला हवी, कोपर जरासं वाकलेलं. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं. खालची रबरी बुचं दोन महिन्यांत झिजली. आमच्या कोटा फरशीवर ओल्या पायानं एकदा वॉकर सर्रकन सरकला, तेव्हा लक्षात आलं. जिन्यावर वॉकर न्यायचाच नाही, मी बसून एकेक पायरी उतरायचे. आणि वॉकर धरला की दोन्ही हात गेले! चहाचा कप न्यायचा कसा? लेकीनं जुन्या जीन्सची पिशवी शिवून पुढे टांगली, चहा थर्मासात. नऊ महिन्यांत ह्याहून उपयोगी वस्तू घरात आली नाही.

सहा आठवड्यांनी एक्स-रे पाहून पायावर थोडा थोडा भार द्यायला सांगितलं. थोडा म्हणजे किती? त्याच मुलीनं घरातला वजनकाटा पुढे ठेवला, वॉकर धरून पाय त्यावर दाबायला लावला. पंधरा किलोला काटा आला की थांबा. मग दर काही दिवसांनी ती आकडा वाढवायची. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, मी मोबाईलवर पाहिल्या, पाय उशांवर. ती उशीही पोटरीखाली, टाच मोकळी, आणि पाय छातीच्या वर. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवण्यानं सूज फारशी उतरत नाही.

घोटा हलू नये म्हणून घालायचा काळा बूट एका सर्जिकल दुकानातून आणला. "आंटी, फ्री साइज है, सबको आ जाता है." मला आला नाही, टाच आत हलायची, बदलून घ्यायला ह्यांना दोन खेपा पडल्या. बरोबर मापाचा आला तर पाय घट्ट धरतो, पण तळ जाड असल्यानं तो पाय उंच होतो आणि कंबर धरते. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला. घरात चप्पल न घालणाऱ्यांना हे जड जातं, मलाही गेलं.

मला शुगर आहे. टाके चौदाव्या दिवशी निघणार होते, अठराव्याला निघाले, आणि तोवर रोज साखर तपासणं चालू. आमच्या दिरांनी त्यांच्या पायाच्या वेळी सिगारेट सोडली नव्हती. हाड जुळायला त्यांना कितीतरी वेळ लागला. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका: पोटरी एकदम सुजली, दुखली, गरम लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला, छातीत दुखलं तर रात्र असो की दिवस, सरळ दवाखाना.

आज? जिना चढते, बाजारात जाते. संध्याकाळी मोज्याचा वळ अजून उमटतो. वर्षभर थोडी सूज राहू शकते म्हणाले. पावलाच्या वरचा बोटभर भाग बधीर आहे. भारतीय संडासात बसता येत नाही, घोटा तेवढा वाकतच नाही. प्लेट त्रास देत नसेल तर राहू द्या, असं सर्जनचं मत. त्रास तसा एकच. मांडी घालून पानावर बसलं की बाहेरच्या बाजूचा स्क्रू फरशीला टोचतो. खाली टॉवेलची घडी घेते.