आखाजीच्या तोंडावर पेज गेलं

मागच्या वर्षी आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, आठ-दहा दिवस होते. अमळनेरला आमच्या गच्चीवर सकाळी सातला बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकणं चाललं होतं. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटे शिजवलेला घाटा, त्यात तीळ, लसूण, तिखट. सासूबाई ओल्या लुगड्यावर तळव्याने गोल फिरवत होत्या आणि माझ्या फोनवर मेसेज वाजला.

आधी पेजबद्दल सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे ९७वं साहित्य संमेलन भरलं. तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी बिबडे, कळण्याचं पीठ, काळा मसाला नेला आणि जाताना विचारलं, परत कुठे मिळेल? म्हणून मुलाने फेसबुकवर पेज काढून दिलं. सजवलेल्या ताटाच्या फोटोंना कोणी विचारलं नाही. सासूबाईंच्या हाताचा, बांगड्या वाजताहेत असा एक साधा व्हिडिओ टाकला आणि पुण्या-नाशिकहून फोन सुरू झाले. माहेरी असं व्हायचं, असं सांगत बायका रडायच्या. चांगल्या चाललेल्या व्हिडिओवर दोन-तीनशे रुपये लावायचे, पुणे-नाशिकच्या लोकांना दाखवायचा, एवढंच माझं मार्केटिंग. त्यासाठी माझं डेबिट कार्ड जाहिरातींच्या खात्याला जोडलेलं होतं. हे लक्षात ठेवा.

तर त्या सकाळचा मेसेज. ‘तुमच्या व्हिडिओतील संगीतामुळे कॉपीराइटचा भंग झाला आहे. २४ तासांत अपील न केल्यास पेज कायमचे बंद होईल.’ नावात ‘सपोर्ट’, फोटोत निळं चिन्ह. माझं मन आधीच खात होतं, कारण दोन दिवसांपूर्वीच मी एका व्हिडिओला अहिराणी गाणं लावलं होतं. चोराला ते कुठून माहीत असणार? गाणं सगळेच लावतात, त्यामुळे हा मेसेज ज्याला जाईल त्याला लागूच पडतो.

लिंक उघडली. हुबेहूब फेसबुकचं पान. वरचा पत्ता मात्र भलताच होता, पण तो नंतर पाहिला. नंबर टाकला, पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड टाकला. ‘कोड चुकला, पुन्हा टाका.’ म्हटलं, घाटा लागलेलं बोट, चुकलं असेल. दुसरा कोड आला, तोही टाकला. पहिल्या कोडने ते आत शिरले आणि दुसऱ्याने माझा ईमेल-नंबर काढून स्वतःचा घातला, हे मुलाने रात्री समजावलं.

मी परत बिबड्यांकडे वळले. उन्हं चढायच्या आत टाकून झालेच पाहिजेत.

‘तुमचा ईमेल बदलला आहे, तुम्ही बदलला नसेल तर इथे दाबा’ असा खरा मेल मला तेव्हाच आला होता. पण मेल कोण उघडतं? पेजची पूर्ण सूत्रंही माझ्या एकटीच्याच खात्यावर. मुलाचं नाव असतं, तर त्या पहिल्या तासात त्याने काहीतरी केलं असतं.

दुपारी बँकेचे मेसेज यायला लागले. २०००, परत २०००, मग ४०००. माझ्या कार्डावर कुठल्या तरी परक्या भाषेत घड्याळांच्या जाहिराती चालल्या होत्या. कार्ड बंद करेपर्यंत ११,४०० गेले. सासूबाई म्हणाल्या, "माय वं! तुले कोनी सांगेल व्हतं आकडा द्यायले?"

पैशांचं दुःख आहेच, पण खरी लाज संध्याकाळी वाटली. माझ्याच पेजवर जाहिरात: ‘आखाजी ऑफर, एक किलोवर अर्धा किलो फुकट, आगाऊ पैसे भरा.’ व्हिडिओ तोच, सासूबाईंच्या हाताचा. खाली क्यूआर कोड दुसऱ्याचा. त्यावर पैसे भरून फसलेल्यांपैकी माझ्यापर्यंत पोचल्या त्या १७ जणी. पैसे भरताना ॲपमध्ये कोण्या अनोळखी पुरुषाचं नाव दिसलं होतं, पण त्यांना वाटलं आमच्या ह्यांचं असेल. विश्वास माझ्यावर होता, तो दुसऱ्याने वटवला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. १९३० ला लवकर फोन केला तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम अडवता येते. त्या बायकांपैकी ज्यांनी त्याच रात्री केला त्यातल्या दोघींचे पैसे अडकले आणि पुढे परत मिळाले. दोन दिवस ‘बघू’ म्हणत थांबलेल्यांचे गेले. माझ्या बाबतीत बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमावर बोट ठेवलं: ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. मला वाद घालता आला असता, कारण मी कार्डाचा ओटीपी दिलाच नव्हता. पण सीझन तोंडावर, जळगावला खेटे कोण घालणार?

पेज परत मिळालं नाही. नवीन काढलं. आता पासवर्डच्या जोडीला लागणारा कोड देणारं वेगळं ॲप लावलंय, मुलगाही ॲडमिन आहे. जाहिरातींसाठी हजार-दोन हजारच राहतील असं वेगळं बँक खातं आणि खर्चाला वरची मर्यादा. कॉपीराइटची खरी तक्रार पेजच्या सेटिंगमध्ये, पेजच्या स्थितीत दिसते. इनबॉक्समध्ये कोणी अनोळखी येऊन सांगत नाही. ‘दहा हजार फॉलोअर्स देतो’ वाल्यांना तर मी उत्तरही देत नाही. ते फॉलोअर्स बिबडे खात नाहीत.

त्या १७ जणींना मी त्यांच्या ऑर्डरीचा माल पाठवला, कुरिअरसह. घरात यावरून बोलणं झालं, ते सोडा.

जुनं पेज अजून दिसतं. मागच्या आठवड्यात नाशिकच्या एका ताईंचा फोन आला, तुमची दोन पेजं कशी? खऱ्या तुम्हीच कशावरून? मी व्हिडिओ कॉल लावला आणि गच्चीवर गेले. लुगड्यावर बिबडे वाळत होते. सासूबाई कावळे हाकत बसल्या होत्या, त्यांनी फोनकडे बघून हात हलवला. ताई म्हणाल्या, "हो, ह्याच बांगड्या." मग त्यांनी दोन किलोची ऑर्डर दिली, पैसे मात्र माल पोचल्यावर.