घोड्यांसाठी जाळीदार झूल : गोमाशीपुरती भरवशाची

पावसाळा सरत आला की गोदाकाठच्या गावांत गोमाश्यांचा जोर वाढतो. आमच्या वरातीच्या घोडीसाठी नांदेडच्या एका दुकानातून पांढऱ्या जाळीची झूल आणि डोळ्यांवर बांधायची जाळी असा संच आणला, त्याचा हा अनुभव.

पांढरा रंग ही या झुलीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. गोमाशी गडद अंगाकडे अधिक ओढली जाते, त्यामुळे आमच्या काळ्या घोडीला याचा फायदा लगेच दिसला. भर उन्हात बांधली तरी पाठीची कातडी सारखी थरथरवणे बरेच कमी झाले. डोळ्यांवरची जाळीही गालफडांवर नीट बसते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्यांचा घोळका जमत नाही.

वेष्टनावर मात्र ‘सर्रापासून संपूर्ण संरक्षण’ असे छापले आहे, ते मुळीच पटणारे नाही. सर्रा हा जनावरांच्या रक्तात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवींचा रोग; हे परजीवी माशीच्या सोंडेला लागलेल्या रक्तातून पसरतात : चावा झोंबताच जनावर शेपूट मारते, माशी अर्धवट उठते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन उरलेले पोट भरते. गोमाशीप्रमाणेच तबेल्यातली चावरी माशीही हे काम करते, आणि ती बसते प्रामुख्याने पायांवर, जे या झुलीत पूर्ण उघडे राहतात. तिची पैदास लिदीत कुजलेल्या कडब्यात होते, तेव्हा उकिरडा तबेल्यापासून दूर नेणे कोणत्याही झुलीपेक्षा स्वस्त पडते. संध्याकाळी निघणारी बारीक चिलटे तर या जाळीच्या छिद्रांतून सहज आत शिरतात. ती उडण्यात दुबळी असल्याने त्यांच्यासाठी साधा पंखा पुष्कळ आहे.

माळेगावच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे, बैल जवळजवळ बांधलेले असतात. गाई-म्हशींत सर्रा बाहेरून न दिसताही असू शकतो आणि त्यावर लस नाही, म्हणून झूल असली तरी दोन जनावरांत अंतर ठेवावे आणि येऊनजाऊन ताप किंवा पोटाखाली सूज दिसल्यास पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावे.

शिवण पक्की आहे, पण छातीवरच्या चिकटपट्टीत कुसळे अडकून तिची पकड जाते. मध्यम माप लहान चणीच्या घोडीला पुढून ढिले पडते. दुकानदार ते बदलून देतो, मात्र एकदा अंगावर घातलेली झूल परत घेत नाही.