ड्रमर निवडताना: तयार हात की जागे कान?

बँडमध्ये ड्रमरची जागा रिकामी झाली की वाजवून दाखवायला साधारण दोन प्रकारची माणसं येतात. एक तयारीची: हात सुटलेला, विषम मात्रांतही सहज फिरणारी. दुसरी साधी: मोजक्याच गोष्टी येतात, पण त्या ठाम येतात. मी बास वाजवतो, म्हणजे ड्रमरशी माझीच गाठ सगळ्यात जवळची. दोघांबरोबर वर्ष-वर्षभर वाजवलं आहे.

तयारीच्या ड्रमरची बाजू भक्कम आहे. नवं गाणं त्याला एकदा ऐकवलं की पुरे, आमचा सरावाचा निम्मा वेळ वाचायचा. तुमचा बँड मुख्यतः वाद्यांचा असेल, लांब सोलो असतील, तर असाच माणूस घ्यावा. क्रीम या ब्रिटिश रॉक बँडमधून त्यांचा ड्रमर जिंजर बेकर वजा करून पाहा, काय उरतं? अर्थात त्याचं आणि बासवादक जॅक ब्रूसचं पटत नसे आणि 1966 मध्ये जमलेला तो बँड 1968 मध्ये मोडला, हेही खरं.

आमच्या या तयार ड्रमरचं मला खुपलं ते मात्र दोन गाण्यांच्या मधलं वाजवणं. गिटारवाला तारा जुळवतोय, गायिका सांगतेय की दुसऱ्या कडव्यानंतर तिला श्वासाला जागा हवी, आणि मागे स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, काठ्यांची सलग थरथर (रोल) चालूच. सांगितलं की थांबायचा, मिनिटाभरात काठी परत हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर. त्यात वाईट हेतू नव्हता, हाताला चैन पडत नसे इतकंच. पण तीनेक महिन्यांत गायिकेने सूचना करणंच सोडलं. मग तेच गाण्यातही दिसायला लागलं. ओळीचा शेवटचा शब्द ती लांबवायची, नेमका तिथेच त्याचा फिल, म्हणजे मोकळी जागा भरणारा तुकडा, यायचा.

दुसरा आला तेव्हा त्याने आधी गाण्याचे शब्द मागितले. कोणी बोलायला लागलं की काठ्या मांडीवर आडव्या. उणिवा त्याच्यातही आहेत. सात मात्रांचं एक गाणं बसवायला चार बैठका गेल्या, आणि एका वेगवान गाण्याची लय आम्हाला थोडी उतरवावी लागली. पण त्याच्याबरोबर वाजवताना मला माझा बास ऐकू येतो. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्सही अशीच जागा सोडायचा: स्नेअरच्या ठोक्याला हाय-हॅटवरचा हात उचलून घ्यायचा, दुसरा आणि चौथा ठोका मोकळा सुटायचा. 1963 पासून 2021 मध्ये निधन होईपर्यंत तो त्याच बँडमध्ये होता.

तुमच्या संगीताची गरज वेगळी असू शकते, त्यामुळे माझाच कौल घ्या असं म्हणणार नाही. फक्त ऑडिशनला एक करा: गाणं अर्ध्यात थांबवा, आपापसांत पाच मिनिटं बोला आणि तेवढा वेळ त्याच्या हातांकडे लक्ष ठेवा. आमच्या गायिकेने परवा शेवटच्या कडव्याची चाल बदलून मागितली. वर्षभराहून जास्त काळानंतर पहिल्यांदा.