खपली गहू: खिरीला पैकीच्या पैकी, पोळीला काठावर पास

किराणा दुकानात खपलीची पाकिटं आता लोकवनच्या शेजारी उभी असतात, आणि भाव दुप्पट-तिप्पट. तो वाजवी आहे का? दाणा घेत असाल तर बऱ्याच अंशी हो. पीठ घेत असाल तर बहुतेक वेळा नाही.

भावाचं मूळ टरफलात आहे. लोकवन, सिहोर हे गहू मळणीत भुशातून मोकळे होतात. खपलीचं तसं नाही. मळणी झाली तरी दाणे जोडीजोडीने टरफलात घट्ट बसलेले राहतात (म्हणून काही भागांत नाव जोडगहू), आणि ते काढायला वेगळं यंत्र किंवा उखळ-मुसळ लागतं. या सोलाईत वजनाचा पाव हिस्सा तरी टरफल म्हणून जातो, वर तुकडा पडतो तो वेगळा. हे टरफल रानटी पूर्वजाकडून आलेलं आहे. आजच्या तुर्कस्तान, सीरिया, इस्रायल या पट्ट्यात सुमारे 10,000 वर्षांपूर्वी माणसाने रानगव्हातून ज्यांची ओंबी पिकल्यावर फुटून विखुरत नाही अशी झाडं राखली. ओंबी टिकली, पण टरफल सुटलं नाही. सहज सुटणारा दाणा पुढच्या गव्हांत आला.

पाकिटावरचा ‘नॉन-हायब्रीड, मूळ गहू’ हा शिक्का मनावर घेऊ नका. खपलीचा रानटी पूर्वजच दोन गवतांच्या नैसर्गिक संकरातून झालेला आहे: 14 आणि 14 मिळून 28 गुणसूत्रं. त्यात पुढे तिसरं गवत मिसळलं आणि आपला पोळीचा 42 गुणसूत्रांचा गहू तयार झाला. शिवाय आज शेतात असलेली खपली म्हणजे बऱ्याचदा धारवाडची डीडीके 1029 किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेची एमएसीएस 2971, म्हणजे पैदासकारांनी काढलेले बुटके वाण. त्यात वाईट काहीच नाही. जुनी उंच खपली वाऱ्यापावसात लोळते, ही उभी राहते. अभिमानच बाळगायचा तर तांबेरा या गव्हावरच्या बुरशीच्या रोगाला ती जी टक्कर देते तिचा बाळगा: खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी निवडलेल्या बारा गव्हांच्या संचात एकाचं नावच ‘खपली’ होतं, आणि एसआर 13 व एसआर 14 ही प्रतिकारक जनुकं तिच्यातून पुढच्या गव्हांत गेली. पाकिटावर हे मात्र कुणी छापत नाही.

‘ग्लुटेन-फ्री’ हा दावा तर सरळ खोटा. खपलीत ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा आणि ओढ देणारं प्रथिन, असतं. सीलिॲकच्या (ग्लुटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या विकाराच्या) रुग्णाने ती खाऊ नये, थोडीसुद्धा नाही. फरक आहे तो ग्लुटेनच्या ताकदीत. पिठाला रबरासारखी ओढ देणारी महत्त्वाची प्रथिनं त्या तिसऱ्या गवताकडून आली, ती खपलीत नाहीत. त्यामुळे कणीक ताणली की तुटते आणि हाताला चिकटते.

आता पोळीकडे. नेहमीच्या सवयीने मळून पातळ लाटलेली खपलीची पोळी कडेने फाटते, फुगते अर्धीमुर्धी आणि तासाभरात ताठ होते. दोष निम्मा गिरणीचाही असतो. हा दाणा काचेसारखा टणक. दगड घट्ट आवळून एका दमात बारीक दळला की पीठ तापतं, त्यातला स्टार्च मोडतो, असं पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी गार झाल्यावर वाळते. दोन पाळ्यांत दळायला सांगा, आधी भरड, मग बारीक. कणीक कोमट पाण्यात नेहमीपेक्षा सैल भिजवा, दोन वाट्या पिठाला दोन चमचे तेल घाला, अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा आणि पोळी जरा जाड लाटा. तरीही जमत नसेल तर तिसरा हिस्सा लोकवन मिसळा, त्यात कमीपणा नाही. पुरणपोळीसाठी पीठ वस्त्रगाळ हवं आणि कणीक दोन तास मुरवून, तेलाचा हात लावत चांगली तिंबलेली. तशी केली तर आवरण खुसखुशीत आणि गोडसर लागतं, पण हात बसलेला पाहिजे.

दाणा मात्र खिरीत उजळतो. सांगली-कोल्हापूरची गव्हाची खीर आणि सीमाभागातली हुग्गी यांना साधा गहू म्हणजे तडजोडच. साधा गहू शिजून लगदा होतो. खपली मऊ होते तरी दाताखाली दाणा लागतो, आणि चव खरपूस, थोडी सुक्या मेव्याकडे झुकणारी. सडलेला, म्हणजे कांडून वरचा कोंडा काढलेला, मिळाला तर उत्तम. न सडलेला असेल तर पाण्याचा हबका मारून वीस मिनिटं ठेवा, उखळात कांडा किंवा मिक्सर तीन-चार झटके देत फिरवा, पसरून वाळवा, पाखडा. एक वाटी गहू रात्रभर भिजत घालून चार वाट्या पाण्यात कुकरला लावा, सहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर वीस मिनिटं. दाणा बोटांनी पूर्ण चेपला गेल्याशिवाय गूळ घालायचा नाही. बहुतेकांची खीर इथेच बिघडते, कारण गूळ पडला की दाणा पुढे मऊ होत नाही. मग एक ते सव्वा वाटी गूळ, ओलं खोबरं, भाजून वाटलेली खसखस, वेलची, जायफळ. दूध ताटात वाढताना आणि गारच घाला, कढत गुळाच्या खिरीत ते फाटतं.

सांजा आणि रवाही छान. एक वाटी खपली रव्याला पावणेतीन वाट्या पाणी आणि साध्या रव्यापेक्षा पाच-सात मिनिटं जास्त वाफ लागते. शेवया चांगल्या, इतकंच.

घेताना दाणा हातात घ्या. खरी खपली लांबट, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळती, पाठीवर किंचित कुबड. गोल-गुबगुबीत दाणे जास्त दिसले तर भेसळ समजा. पिठात भेसळ डोळ्याला कळत नाही. पन्नास ग्रॅम पिठाचा गोळा वीस मिनिटं पाण्यात ठेवून नळाखाली धुवा: शेवटी लवचिक रबरी गोळी हाती राहिली तर त्यात साधा गहू बराच आहे. खपलीची गोळी मऊ, चिकट आणि तुटकी होते. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पाकिटावर दळल्याची तारीख नसेल तर घेऊ नका, तीन-चार आठवड्यांत अंकुरातल्या तेलामुळे पिठाला कडसर वास येतो.

वर्षाचा साठा करायचा असेल तर शेतकऱ्याकडून टरफलासकट घ्या. सोंड्याला टरफल भेदणं जड जातं, त्यामुळे सोललेल्यापेक्षा तो जास्त टिकतो. लागेल तसा महिन्या-दोन महिन्यांचा सोलून आणा, आणि सोलण्याची सोय जवळ कुठे आहे ते पोतं उचलण्याआधी विचारून ठेवा.